सुरतेला एक बाजू, नंदुरबारला दुसरी

मला अंतर्गळ, म्हणजे डॉक्टरांचा हर्निया, झाला होता, आणि तोही दोन्ही बाजूंना. एवढं एक वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. दुखणंच असं आडजागी होतं की माणूस बायकोलासुद्धा उशिरा सांगतो, मित्राला तर सांगतच नाही. पण आता शहाद्याच्या बाजारात धोतराखाली अंतर्गळ दाबायचा पट्टा बांधून हिंडणारा माणूस मी नुसत्या चालीवरून ओळखतो. असे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

डॉक्टरी मला येत नाही. मी कापड विकतो. पण माझी डावी बाजू सुरतेला एका रीतीने कापली गेली आणि उजवी नंदुरबारला दुसऱ्या रीतीने. देह तोच, दुखणं तेच. तरी एकदा मी मरता मरता वाचलो आणि एकदा दुपारीच खिचडी मागितली. असं का झालं, ते मला समजलं तेवढं सांगतो.

गाठ उचलली तो दिवस

दुसरं महायुद्ध संपलं होतं, पण कापडावरचं सरकारी कंट्रोल उठलं नव्हतं. वाट पाहून पाहून माल यायचा, आणि आला की तो दुकानात घेईपर्यंत माझ्या जिवाला चैन नसायचं. त्या दिवशी गाडी दारात उभी आणि हमाल कुठे चहाला गेलेला. थांबेल तो मी कसला! कापडाच्या गाठीचं एक टोक धरलं, उचललं, आणि डाव्या जांघेत काहीतरी सरकलं. दुखलं असंही नाही. नंतर आंघोळीला बसलो तेव्हा लिंबाएवढा फुगवटा दिसला. आडवा झालो की गायब, उभा राहिलो की हजर.

मी तो लपवला. गादीवर एका अंगावर कलून बसायचो आणि गिऱ्हाइकाला ताका दाखवायला उठायचं टाळायचो. शेवटी माझ्या बायकोने, कंचनने, विचारलंच, "अहो, तुम्ही गाभण म्हशीसारखे का चालता हल्ली?" आम्ही घरात मारवाडी बोलतो, पण तिचं बोलणं मराठीत लिहिलं तरी तितकंच झोंबतं. मग सांगावं लागलं. तिने ते माझ्या थोरल्या भावाला, भाईजींना सांगितलं आणि भाईजी मला सुरतेला घेऊन गेले. तिथे आमचे नातलग आहेत आणि त्यांच्या ओळखीचे एक नामांकित डॉक्टर होते.

डॉक्टरांनी मला उभं केलं, बोटं लावली आणि म्हणाले, "खोका." मी खोकलो. मग बोटं दुसऱ्या बाजूला गेली. "पुन्हा खोका."

"या बाजूला काही नाही, साहेब," मी म्हणालो.

"आहे. लहान आहे, पण आहे."

मी स्टूल ओढून बसलो. डॉक्टर वाईट नव्हते. घाईत होते, बाहेर माणसांची रांग होती. त्यांनी थोडक्यात सांगितलं. पोटाच्या पडद्याला जांघेत भोक पडतं आणि त्यातून आतडं बाहेर येतं; ते त्या भोकात अडकलं तर सडतं, मग कुणाच्या हातात काही राहत नाही. म्हणून आधी मोठी बाजू कापायची, ती भरली की दुसरी. निघताना म्हणाले, "सोमवारी या. पोट रिकामं ठेवून या."

रिकामं म्हणजे किती

आता हे आमच्या घरी कसं ऐकलं गेलं ते बघा. आम्ही जैन. पोट रिकामं ठेवणं हे आमच्याकडे कौतुकाचं काम. आठ आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहणाऱ्या बायका आमच्या गल्लीत आहेत, आणि त्या उपवासातही घरचं सगळं काम करतात. डॉक्टरांचं बोलणं ऐकून कंचनचा चेहरा उजळला. तिला वाटलं, चला, इंग्रजी डॉक्टरलासुद्धा शेवटी हेच पटलं.

"अठ्ठम करून जा," ती म्हणाली. अठ्ठम म्हणजे ओळीने तीन उपवास. अन्नाचा कण नाही, पाणी उकळलेलं आणि तेही सूर्य मावळेपर्यंतच. "मीही करते तुमच्याबरोबर. कर्म हलकं होईल. पोट साफ होईल आणि जीवही वाचेल."

भाईजींनीही मान डोलावली. आम्ही तिघं सुरतेच्या नातलगांकडे उतरलो तर तिथली मंडळी साता, म्हणजे तपस्व्याची खुशाली, विचारायला येऊ लागली. "सुखसाता आहे ना?" म्हणत, माझ्याकडे आदराने बघत. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? सोमवारी सकाळी पारणं न करताच मी दवाखान्यात गेलो. चालताना डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि मी मनात म्हणत होतो, याहून रिकामं पोट या डॉक्टरने जन्मात पाहिलं नसेल.

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही घेतलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. त्याआधीच्या दिवसांचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. तपस्या काय अशी मिरवायची असते?

डावी बाजू

तोंडावर क्लोरोफॉर्मची जाळी आली आणि गोडसर, गुदमरवणारा वास. मी हात झटकले, तशी दोघा माणसांनी ते दाबून धरले. तो दाब आणि तो वास, एवढंच आठवतं. भाईजी दाराबाहेर होते. ते सांगतात, काम फार लवकर झालं. डॉक्टरांचा हात जलद होता, त्याबद्दल त्यांचं नाव होतं. पण आत ओढाताण बरीच झाली असावी, कारण नंतर माझी मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली होती.

शुद्धीवर आलो आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटात काही नव्हतंच, तरी आतून पिळवटून यायचं, आणि प्रत्येक उबळीला टाके फाटताहेत असं वाटायचं. काळीज असं धावत होतं की त्याचे ठोके मला दातांत कळत होते. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, घशाला कोरड. थेंबभर पाणी प्यायलो की तेही बाहेर. डोळे पिवळट झाले. कंचन उशाशी बसून नवकार म्हणत होती. ती मधेच अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मला वाटलं, संपलं. दुकान, ती, सगळं संपलं.

अशक्तपणा पाहून डॉक्टरांनी शिरेत सुई घालून साखरेचं पाणी चढवलं. मग लघवी तपासायला नेली. तिथले कंपाउंडर काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात ती उकळायचे. औषध निळंच राहिलं तर ठीक, रंग बदलला तर साखर आहे. माझी नळी विटेसारखी लाल झाली. भाईजींनी ती स्वतः पाहिली.

"मधुमेह आहे यांना," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच देह एवढा बिघडला. यातून निभावले तर नशीब. दुसऱ्या बाजूला मी हात लावणार नाही. पट्टा बांधा, आणि गोड बंद."

निभावलो. कसा ते मला माहीत नाही. चेहरा ओळखू येत नाही असा होऊन शहाद्याला परतलो.

पट्ट्याचे दिवस

घरी मला आजारापेक्षा घरच्यांनीच जास्त छळलं. साखर बंद, भात बंद, केळं बंद. भाईजी माझ्या ताटाकडे पोलिसासारखे बघायचे. दुकानात बसलो की म्हणायचे, "तू आडवा हो, मी बघतो." म्हणजे माझा हिशेब त्यांनी मनात मिटवलाच होता. एकदा मी चिडून म्हणालो, "भाईजी, मी अजून आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग मलाच वाईट वाटलं.

कंचनचं वेगळंच. तिची खात्री होती की तीन उपवास कमी पडले. ती आता आठ दिवसांच्या अठ्ठाईचं म्हणत होती, माझ्यासाठी आणि स्वतःसाठी. मी म्हटलं, "मला मारायचं ठरवलंयस का तू?" गमतीनेच म्हटलं. ती हसली नाही.

पट्ट्याची स्प्रिंग उन्हाळ्यात कातडीला घासायची. आणि उजवी बाजू तर वाढतच होती. एके दिवशी दुकानात शिंकलो, फुगवटा बाहेर आला तो आत जाईना. दगडासारखा घट्ट. पोटात कळा. भाईजींनी मला तिथेच ताक्यांवर आडवं केलं, गुडघे वर घेऊन तासभर पडलो, तेव्हा कुठे तो गुरगुरत आत गेला. तेवढ्या वेळात मी सगळं जगून घेतलं. आता मला कळून चुकलं होतं की कापलं तर मधुमेहाने मरणार आणि नाही कापलं तर आतडं सडून मरणार. यातलं कुठलं, एवढंच ठरायचं होतं.

कुणीतरी विचारलं

दुकानात सारंगखेड्याचं एक गिऱ्हाईक यायचं, आत्मारामबापू. घोड्यांचा नाद असलेला माणूस. त्यांनी माझी दशा पाहिली. "शेट, नंदुरबारले एक डाक्टर उना शे," ते म्हणाले. "पलटनमा व्हता. सुई टोची देस नि माणूस जागाच ऱ्हास, तो कापत ऱ्हास. मन्हा भाचाले त्यानीच बरा कया."

जागेपणी कापतात हे ऐकूनच कंचनने कानांवर हात ठेवले. पण दाखवायला काय हरकत, म्हणून तापी ओलांडून आम्ही तिघं नंदुरबारला गेलो. डॉक्टर तरुण होते, आवाज हळू. त्यांनी मला खोकायला लावलं, डावीकडचा व्रण बराच वेळ पाहिला, मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सुरतेला ऑपरेशनच्या आधी काय खाल्लं होतं?"

"काही नाही."

"त्या सकाळी नाही. त्याच्या आदल्या दिवशी?"

"काही नाही."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी?"

मी कंचनकडे पाहिलं. ती पदर पुढे ओढून बसली होती. "अठ्ठम होता," भाईजी म्हणाले, थोडं अभिमानानेच.

डॉक्टरांनी अठ्ठम म्हणजे काय ते विचारून घेतलं. हसले नाहीत. म्हणाले, "आठवडाभर नंदुरबारात राहा. रोज भात, पोळी, शिरा, सगळं पोटभर खा. जेवणानंतर लघवी आणून द्या."

शिरा! भाईजींना वाटलं या डॉक्टरचं डोकं फिरलंय. पण मी खाल्लं. कंट्रोलच्या साखरेचा शिरा, चोरून खावा तसा, दारं लावून. रोज नळी उकळली आणि रोज ती निळीच राहिली. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी ती आमच्यापुढे धरली.

"तुम्हाला मधुमेह नाही, नव्हताही," ते म्हणाले.

भाईजी म्हणाले, "मग ती लाल नळी?"

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. सातपुड्याच्या वाटेवर बिबट्या समोर आला, की त्या आपला रस रक्तात सोडतात. काळीज धावतं, घाम सुटतो, हातपाय गार पडतात, आणि लढायला किंवा पळायला म्हणून देह साखर बाहेर काढतो. "चाकू डॉक्टरचा आहे हे देहाला कुठे ठाऊक? त्याला तो बिबट्याच. क्लोरोफॉर्मने तुम्ही झोपता, ग्रंथी झोपत नाहीत. जितकी ओढाताण, जितका रक्तस्राव, तितका हा रस जास्त. त्यात तुम्ही तीन दिवसांचे उपाशी. उपाशी देहाला एकदम साखर दिली तर ती वापरायची कशी हे तो विसरलेला असतो. ती लघवीतून पडली. क्लोरोफॉर्मही उपाशी यकृताला फार बाधतो, म्हणून डोळे पिवळे झाले."

"मग तुम्ही काय वेगळं करणार?" मी विचारलं.

"तेवढीच जागा सुईने बधिर करीन. दुखल्याची खबर वर पोचलीच नाही तर ग्रंथी थोड्या शांत राहतील. लहान कापीन, हळू कापीन. वेळ जास्त लागेल. आणि तुम्ही आदल्या दिवशी पोटभर जेवून यायचं. सकाळी मी सांगेन तेवढं साखरेचं पाणी. धोका नाही असं मी म्हणत नाही. पण तो पट्ट्यापेक्षा कमी आहे."

कंचनचं नाही

भाईजी तयार झाले. कंचन म्हणाली, "नाही."

आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेत परतल्यावर ती भांडलीच. "मरणाच्या दारात जायचं आणि तेही शिरा खाऊन? व्रत नाही, पच्चक्खाणाचा नेम नाही, काही नाही? कशाच्या आधारावर पाठवू मी तुम्हाला?"

तिचं म्हणणं मला समजत होतं. ती मला चाकूखाली नुसतं, उघडं पाठवायला घाबरत होती. तिच्याजवळ देण्यासारखं तेवढं एकच होतं, आणि हा डॉक्टर नेमकं तेच काढून घेत होता. मी तिला म्हटलं, "तुझं नाही असेल तर मी जाणार नाही. पण पुन्हा अडकलं तर?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीशी बसली होती. मुगाची खिचडी, कढी, पोळ्या. ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "जेवा." मी जेवलो. ती समोर बसून शेवटच्या घासापर्यंत बघत राहिली.

उजवी बाजू

त्याच्या दुसऱ्या दिवशी सुया टोचल्या तेव्हा चावरी जळजळ झाली, मग ती जागा जशी माझी नव्हतीच. मधे कापडाचा पडदा होता. मला कात्रीचा आवाज यायचा, कापडाच्या दुकानातलाच वाटावा असा, आणि ते बरं वाटलं नाही. डॉक्टर बोलत होते. शहाद्याला ऊस कसा आहे, लुगड्यांना भाव काय. मी उत्तरं देत होतो. एकदा आत ओढ बसली आणि पोटातून मळमळून आलं. "थांबलो," डॉक्टर लगेच म्हणाले, आणि पुन्हा सुई दिली. त्यांचा एक माणूस माझ्या मनगटाला बोट लावून बसला होता. हात दाबून धरणारं कुणी नव्हतं.

बाहेर आणलं तर आत्मारामबापू दारात. खास सारंगखेड्याहून आले होते. "वा रे शेट! तुम्हले कापी ऱ्हायनात नि तुम्ही लुगडासना भाव सांगी ऱ्हायनात! मन्हा अठे उभ्या उभ्या घाम फुटना."

दुखलं. दुखलं नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सुईचा अंमल उतरल्यावर चांगलंच दुखलं. पण काळीज आपल्या चालीने चालत होतं. अंग कोमट होतं. पाणी प्यायलो, ते राहिलं. दुपारी मला भूक लागली, मी खिचडी मागितली, आणि भूक लागली या आनंदाने मला रडू आलं. नळी उकळली ती किंचित हिरवट झाली. "देह थोडा घाबरलाच," डॉक्टर म्हणाले, "घाबरू द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी ती निळी होती.

त्या सकाळच्या फेरीला कंचनने पदराआडून डॉक्टरांशी पहिल्यांदा थेट तोंड उघडलं. आमच्या बायका परक्या पुरुषाशी बोलत नाहीत, म्हणून भाईजी दचकले.

"पहिल्या वेळी उपवास केला नसता तर?" तिने विचारलं.

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. "इतका त्रास झाला नसता, बहेन," ते म्हणाले. "पण रिकामं म्हणजे किती, हे सांगायचं काम आमचं होतं. तुमचं नव्हतं." मग ते पुढच्या खाटेकडे गेले.

कंचन मोसंबं सोलत होती. तिने ते पूर्ण सोललं, शिरा काढल्या, बिया काढल्या. फोड माझ्या हातात देईना. मला तिची समजूत घालायची होती.

"अगं, तूही तोच अठ्ठम केला होतास," मी म्हणालो. "तुला काही झालं का?"

"मला कुणी कापलं नव्हतं," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला, मोसंब्याच्या रसाने चिकट झालेला. भाईजी समोर, आत्मारामबापू समोर, अख्खा वॉर्ड समोर. आमच्यात असं कधी कुणी करत नाही. भाईजींनी तोंड खिडकीकडे वळवलं. कंचनने हात सोडवून घेतला नाही.